तान्ह्याच्या अंथरुणातील सोबती

भोपाळच्या पूर्वभागात, रायसेनकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या आसऱ्याने, पिपलानी आणि इंद्रपुरी यांच्या शेजारी वसलेल्या सोनागिरीत हिवाळ्याच्या सुट्टीत, पुण्या-बंगळूरकडे किंवा सातासमुद्रांपलीकडे नोकरीस असलेली मुले आपापली तान्ही घेऊन आईवडिलांकडे उतरली, म्हणजे घरोघर एक वाद हमखास उभा राहतो. १९५६ साली स्थापन झालेल्या आणि १९६० च्या नोव्हेंबरात पंडित नेहरूंनी राष्ट्रार्पण केलेल्या अवजड विद्युत् कारखान्यामागोमाग, म्हणजे आजच्या ‘भेल’मागोमाग, देशाच्या ज्या नाना प्रांतांतून माणसे या बाजूस आली त्यांत मराठी कुटुंबेही होती, त्यांपैकी जी निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झाली, त्या घरांतील आजीबाईंनी नातवंड येणार म्हणून राईची उशी शिवून, जुन्या लुगड्यांची गोधडी धुऊन, दोन दिवस उन्हात घालून तयार ठेवलेली असते. सून ती उशी हळूच बाजूला सारते. “अगं, आमची तिन्ही पोरं याच उशीवर वाढली,” असे आजी म्हणते. “आई, वर्षभर अंथरुणात काही म्हणजे काही ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय,” असे सून उत्तर देते. आणि एवढे बोलून झाल्यावर तीच सून सामानातून लांब कानांचा, मऊ लोकरी ससा काढून बाळाच्या कुशीत ठेवते, कारण त्यावाचून ते झोपत नाही. उशी नको आणि ससा हवा, या दोहोंची संगती लावणे आजीला जमत नाही, आणि खरे सांगायचे तर तर्कशास्त्राला तरी ते कुठे जमते?

तान्ह्या मुलाने जवळ एखादी सोबतीची वस्तू घेऊन झोपावे की नाही, या प्रश्नाच्या पोटात वस्तुतः दोन प्रश्न दडलेले आहेत, आणि ते वेगळे न केल्यामुळे या विषयावरील पुष्कळशी चर्चा घोटाळ्यात पडते. मुलाला अशा वस्तूची गरज असते काय, हा पहिला. ती जवळ असताना त्याची झोप निर्धोक राहते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मानसशास्त्राच्या दप्तरात आहे, दुसऱ्याचे बालरोगशास्त्राच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्यांच्या. आणि या दोन दप्तरांचा एकमेकांशी पत्रव्यवहार फारसा कधी झालेला नाही.

पहिल्या दप्तरातील मूळ कागद म्हणजे डोनल्ड विनिकट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने ३० मे १९५१ रोजी ब्रिटिश मनोविश्लेषक संस्थेपुढे वाचलेला आणि १९५३ साली छापून आलेला निबंध. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन येथील मुलांच्या इस्पितळात वर्षानुवर्षे आया आणि अर्भके यांचे निरीक्षण केलेल्या या गृहस्थांनी असे प्रतिपादन केले की, मळकट चिंधी, चादरीचा कोपरा, कापडी अस्वल अशा ज्या एखाद्या वस्तूला मूल हट्टाने कवटाळते, ती त्याच्या दृष्टीने धड ‘मी’ही नसते आणि धड ‘बाहेरचे जग’ही नसते, आई सदासर्वकाळ जवळ असणार नाही, हे कटु सत्य पचविण्याच्या कामी मुलाने स्वतः शोधून काढलेली ती एक मधली जागा असते. ती धुतली तर वास जातो म्हणून मूल रडते, आणि शहाण्या आया ती घाण होऊ देतात, इतके बारीक निरीक्षण त्या विवेचनात आहे. पुढे १९५८ साली हॅरी हार्लो या अमेरिकन संशोधकाने ऱ्हीसस माकडांच्या पिलांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले: दूध देणारी तारेची ‘आई’ आणि दूध न देणारी मऊ कापडाची ‘आई’ अशा दोन आकृती समोर ठेवल्या असता पिले दुधापुरती तारेकडे जाऊन उरलेला सारा वेळ कापडाला बिलगून राहत. प्रयोग निर्दय होता, हे आज सर्वमान्य आहे. परंतु पोट भरणे आणि जवळीक या दोन भुका पृथक् आहेत, हे त्याने नि:संशय दाखविले.

येथवर सोनागिरीच्या सूनबाईंची बाजू भक्कम दिसते. परंतु १९७० साली गाद्दीनी दांपत्याने इटलीत केलेल्या पाहणीने या चित्राला एक महत्त्वाची मर्यादा घातली. खेड्यांत, जेथे तान्ही मुले आईच्या अंगाशी झोपत आणि मागेल तेव्हा स्तनपान करीत, तेथे अशा वस्तूला जडलेली मुले शेकडा पाचांच्या आसपासच आढळली. रोम शहरात हेच प्रमाण शेकडा तीसच्या वर होते, आणि रोममध्ये राहणाऱ्या इंग्रजी वळणाच्या परदेशी कुटुंबांत त्याच्याही दुप्पट. कोरियातील मुलांची अमेरिकेतील मुलांशी १९७६ साली जी तुलना झाली तिचाही कौल याच दिशेचा होता. तात्पर्य असे की, वस्तूची ओढ ही मानवी अर्भकाची सार्वत्रिक गरज नसून, स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र पलंगडीत, दिवा मालवून एकट्याने झोपण्याच्या रीतीची ती जोडीदार आहे. सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भारतीय बाल्यावरील आपल्या मनोविश्लेषणात्मक ग्रंथात, आईच्या देहाशी दीर्घकाळ असलेल्या सलगीचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना आपल्याकडील मुलाची सोबतीची वस्तू बहुधा आईचा पदर, आजीच्या कानाची पाळी किंवा झोपताना बोटांत धरलेली बांगडी हीच का असते, याचा उलगडा होतो. परदेशात वाढणाऱ्या मराठी बाळाला ससा लागतो यात त्याच्या आईचा दोष नाही आणि सोनागिरीतील बाळाला लागत नाही यात त्याच्या आजीची थोरवी नाही. दोघेही आपापल्या घराच्या रचनेचे अपत्य.

आता दुसरे दप्तर. पाश्चात्त्य देशांत निरोगी दिसणारे अर्भक रात्री झोपवावे आणि सकाळी ते मृत आढळावे, शवपरीक्षेतही कारण हाती लागू नये, अशा मृत्यूंना १९६९ साली सिॲटल येथील परिषदेत एक स्वतंत्र नाव आणि व्याख्या मिळाली, आणि ‘सिड्स’ या आद्याक्षरांनी ते आज जगभर ओळखले जातात. या मृत्यूंचा इतिहास हा वैद्यकाच्या इतिहासातील लज्जास्पद प्रकरणांपैकी एक आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. बाळाला पालथे झोपविले तर उलटी घशात अडकत नाही, अशा वरवर सयुक्तिक तर्कावर विसंबून, विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाश्चात्त्य तज्ज्ञ पालथ्या झोपेची शिफारस करू लागले. बेंजामिन स्पॉक यांच्या, घरोघर धर्मग्रंथासारख्या वाचल्या जाणाऱ्या बालसंगोपनावरील पुस्तकाच्या आवृत्त्यांतून ती लक्षावधी पाळण्यांपर्यंत पोहोचली. त्यासाठी कोणता पुरावा होता? म्हणण्यासारखा कोणताही नव्हता. २००५ साली चार संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा असे दिसून आले की, पालथी झोप घातक आहे हे १९७० च्या सुमारासच उपलब्ध कागदांवरून कळण्यासारखे होते, आणि तेव्हाच ते कोणी पद्धतशीर तपासले असते तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार अर्भके वाचली असती. ज्या काळात हा सल्ला पश्चिमेत रूढ होता, त्याच काळात आपल्या आज्या मुलांना निमूटपणे उताणे निजवीत होत्या, ही गोष्ट आजीच्या पारड्यात टाकण्याजोगी आहे आणि ती मी आनंदाने टाकतो.

न्यूझीलंडमध्ये १९८७ पासून तीन वर्षे चाललेल्या आणि इंग्लंडातील एव्हन परगण्यात त्याच सुमारास झालेल्या अभ्यासांनी चक्र फिरले. १९९१ च्या डिसेंबरात ब्रिटनने आणि १९९४ मध्ये अमेरिकेने बाळांना पाठीवर निजविण्याची राष्ट्रीय मोहीम काढली. अमेरिकेत १९९० साली लाख जन्मांमागे १३० च्या घरात असलेले सिड्सचे प्रमाण २०२० पर्यंत ३८ वर उतरले. मात्र याच तीस वर्षांत अंथरुणात गुदमरून झालेल्या मृत्यूंची नोंद त्या देशात वाढत गेली. काही अंशी हा एका खात्यावरील रक्कम दुसऱ्या खात्यावर मांडण्याचा प्रकार आहे, कारण तपास बारकाईने होऊ लागला तसे पूर्वी ‘अनाकलित’ म्हणून लिहिले जाणारे मृत्यू गुदमरण्याच्या सदरात लिहिले जाऊ लागले. पण त्यामुळेच अंथरुणातील मऊ वस्तूंकडे संशोधकांचे लक्ष अधिक वळले.

मऊ वस्तू घात कशी करते, हे समजून घेतल्याखेरीज पुढचा विचार व्यर्थ आहे. सामान्य समजूत अशी की, नाकातोंडावर काही घट्ट बसले तरच श्वास कोंडतो, आणि विरळ विणीच्या कापडातून हवा खेळत असल्यामुळे त्याचे भय नाही. सेंट लुईस येथील जेम्स केम्प आणि ब्रॅडली थॅच यांनी १९९१ साली दाखवून दिले की, धोका हवा बंद होण्याइतकाच हवा शिळी होण्यात आहे. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या, बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गाद्यांवर दगावलेल्या पंचवीस अर्भकांचा त्यांनी अभ्यास केला. तोंड मण्यांत रुतून चेहऱ्याभोवती एक खळगा तयार होतो, बाळाने सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड त्या खळग्यात साचतो आणि बाळ तीच हवा पुन:पुन्हा ओढत राहते. मोठा माणूस अशा वेळी झोपेतही मान वळवितो. बहुतेक अर्भकेही वळवितात. परंतु ज्यांच्या मेंदूतील जागे करणारी यंत्रणा जन्मत:च किंचित मंद असते, ती वळवीत नाहीत. १९९४ साली फिलिआनो आणि हॅना किनी यांनी याचे त्रिसूत्री विवेचन केले: आतून दुर्बल असलेले अर्भक, वाढीचा नाजूक काळ, आणि बाहेरून आलेला ताण, ही तिन्ही एकत्र आली म्हणजे घात होतो. यांपैकी पहिली बाब आईबापांना दिसत नाही, दुसरी थांबविता येत नाही. तिसरी तेवढी त्यांच्या हाती असते. मण्यांनी भरलेल्या त्या गाद्यांवर अमेरिकेत १९९२ साली बंदी आली.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या अभ्यासात, दगावलेल्या २६० अर्भकांची तितक्याच जिवंत अर्भकांशी तुलना केली असता, मऊ अंथरुणामुळे धोका सुमारे पाचपट, आणि मऊ अंथरूण व पालथी झोप एकत्र आल्यास एकवीसपट वाढलेला आढळला. २०१४ साली अमेरिकेच्या चोवीस राज्यांतील आठ हजारांहून अधिक मृत्यूंची छाननी झाली. चार महिन्यांच्या आतील अर्भकांत मोठ्या माणसाबरोबर एका अंथरुणात झोपणे ही बाब ठळकपणे पुढे आली. चार महिन्यांनंतरच्या अर्भकांत मात्र, गादीवर उशी, पांघरूण, खेळणे असे काहीतरी असणे आणि मूल त्याकडे कूस बदलून पालथे होणे, हा नमुना अधिक दिसला. या सर्वांच्या आधारे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली आपला सुधारित जाहीरनामा काढला. त्यातील कलमे थोडक्यात अशी की, बाळ वर्षभर प्रत्येक झोपेला पाठीवर निजवावे. गादी कडक, सपाट, उतार नसलेली असावी. तीवर ताणून बसविलेल्या चादरीवाचून काही नसावे, म्हणजे उशी नाही, रजई नाही, मऊ खेळणे नाही. आणि पहिले सहा महिने तरी बाळ आईबापांच्याच खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर असावे.

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण तो बहुधा गाळला जातो. पंजाएवढ्या कापडी सशाने, इतर सर्व काही यथायोग्य असताना, किती अर्भके दगावतात, असा सुटा हिशेब या अभ्यासांत नाही; सशावरील बंदी उशा, रजया आणि मऊ गाद्यांच्या पुराव्यावरून अनुमानाने काढलेली आहे. अनुमान आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. ज्या घटकामुळे मऊ उशी घातक ठरते, तो घटक, म्हणजे चेहऱ्याशी बसणारा आणि हवा कोंडून धरणारा मऊपणा, सशात कमी मात्रेने का होईना आहेच. आणि हजारो अर्भकांना ससे देऊन किती मरतात ते पाहावे, असा प्रयोग कोणताही सभ्य समाज करणार नाही. तेव्हा येथे पुराव्याचा अभाव हा निर्दोषत्वाचा दाखला मानता येत नाही.

शिवाय कालगणना या निर्णयाच्या बाजूने आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्नातील निर्णायक बाब हीच होय. सिड्सचे शेकडा नव्वद मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत घडतात, त्यांतही दुसऱ्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत ते सर्वाधिक. विनिकटने वस्तूची ओढ निर्माण होण्याची जी मुदत सांगितली, ती चार ते बारा महिन्यांची. आणि जिच्यावाचून झोप येत नाही अशी घट्ट जवळीक साधारणत: वर्षाच्या उत्तरार्धातच आकाराला येते. म्हणजे भय ज्या काळात सर्वांत मोठे असते त्या काळात मुलाला वस्तूची गरजच नसते. बारशाच्या दिवशी पाळण्यात बाळाच्या बाजूला मांडलेली खेळणी पाहुण्यांसाठी आणि छायाचित्रांसाठी असतात, बाळासाठी नव्हेत. खरा तंटा उरतो तो सहाव्यापासून बाराव्या महिन्यापर्यंतच्या मधल्या पट्ट्यापुरता.

आता हा परदेशी जाहीरनामा जसाच्या तसा सोनागिरीत लावावयाचा झाला, तर तो अर्धा निरुपयोगी आणि अर्धा अपुरा ठरतो. निरुपयोगी अशासाठी की, तो ज्या अस्वला-सशांवर डोळे वटारतो ते आपल्याकडील बहुसंख्य पाळण्यांत नसतातच. अपुरा अशासाठी की, आपल्या पाळण्यात जे असते त्याचे नाव त्यात नाही. राईची उशी घ्या. बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून ती मालवा-बुंदेलखंडापासून कोकणापर्यंत सर्वत्र शिवली जाते, आणि बारीक दाण्यांनी भरलेली, डोक्याच्या भाराने रुतून आकार घेणारी तिची घडण केम्प आणि थॅच यांनी तपासलेल्या गाद्यांच्याच जातीची आहे. मूल उताणे आणि स्थिर आहे तोवर ती निरुपद्रवी भासते. ते कुशीवर वळू लागले की तोंड दाण्यांत रुतण्याची वाट मोकळी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये, डोक्याला आकार देण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नयेत, त्या गुदमरण्यास कारण होऊ शकतात, असा स्पष्ट इशारा दिला. पाठीवर निजणाऱ्या मुलाचे डोके मागून किंचित चपटे होते हे खरे. परंतु जागेपणी मोठ्यांच्या देखरेखीखाली काही वेळ पालथे ठेवले आणि झोपताना तोंडाची दिशा आलटून-पालटून बदलली की, बहुतेकांचे ते आपसूक भरून येते.

भोपाळातील न्यू मार्केटच्या दुकानांत बाळंतविड्याची खरेदी करताना, मऊ फोमची गादी, मधोमध उशी, दोन बाजूंना दोन लोड आणि वर छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी, असा जो संच समोर ठेवला जातो, त्यातील मच्छरदाणी तेवढी भोपाळच्या डासांमुळे उपयोगाची आहे. बाकीचा ऐवज म्हणजे २०२२ च्या जाहीरनाम्याने नको म्हटलेल्या वस्तूंची गोंडस यादीच. त्यापेक्षा पिंजाऱ्याने भरून दिलेली, वापरून दबलेली, कडक कापसाची गादी कितीतरी बरी. आजीची गोधडी खाली घडी करून ताणून घालण्यास उत्तम. तीच तोंडापर्यंत पांघरली तर मात्र रजईच. भोपाळचा हिवाळा रात्री चांगलाच बोचतो, सबब बाळाला अंगडे-टोपडे, पायमोजे, वर दुपट्याची गुंडाळी आणि त्यावर रजई असे थरावर थर चढविण्याचा मोह होतो. परंतु अति उष्णता हीही या मृत्यूंच्या कारणपरंपरेत गणली जाते, आणि घरात झोपताना टोपडे उतरविणेच इष्ट. दुपट्यात घट्ट बांधलेले मूल कूस बदलू लागण्याची चिन्हे दिसताच मोकळे सोडावे, कारण हात बांधलेले मूल पालथे झाले तर त्याला सावरता येत नाही. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकून लहानग्याचा श्वासमार्ग दुमडतो, आणि चालत्या-बोलत्या मुलांची मान झोळीच्या पिळात अडकून झालेल्या दुर्घटना आपल्याकडील वैद्यकांनी नोंदविल्या आहेत. गळ्यातील काळ्या दोऱ्याचा ताईत, दृष्टमणी, वाघनख यांना कोणी सोबतीची वस्तू म्हणणार नाही. पण झोपेत मुलाजवळ असणारी ती सर्वांत जुनी वस्तू होय, आणि ती गळ्यातून काढून, फार तर, दिवसा जागेपणी मनगटावर बांधावी, एवढी तडजोड आजीबाईंकडून करून घेता येते.

या बाबतीत आपल्या परंपरेचा हवाला द्यावयाचा तर तो सावधपणे द्यावा लागतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालकाच्या खेळण्यांविषयी जे नियम सांगितले आहेत, ते वाचून आधुनिक मानक ठरविणारा अधिकारीही चकित होईल: खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी, हलकी असावीत, त्यांना अणकुचीदार टोक नसावे, ती तोंडात शिरण्याजोगी नसावीत, जिवावर बेतणारी नसावीत आणि भिववणारीही नसावीत. भारत सरकारने १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर जी मानकचिन्हाची सक्ती केली, तिचा आशय याहून फार निराळा नाही. परंतु त्याच अध्यायात बाळाचे अंथरूण-पांघरूण हलके, स्वच्छ, सुगंधी आणि मऊ असावे असेही म्हटले आहे. आणि या शेवटच्या विशेषणापाशी आजचे शास्त्र चरकाशी सहमत होऊ शकत नाही. तसेच मानकचिन्ह हे खेळण्याचे सुटे भाग, टोके, रंगातील विषारी धातू यांबाबत ग्वाही देते. ते खेळणे झोपलेल्या अर्भकाच्या तोंडाशी असावे की नसावे, यावर ते चिन्ह मौन पाळते, ही गोष्ट खरेदीच्या भरात विसरली जाते.

“आमची मुलं वाढली ना” या युक्तिवादाचे काय करावे? तो खोटा नाही, अपुरा आहे. लाखामागे शंभर-सव्वाशे इतका धोका कोणत्याही एका घराला, एका गल्लीलाही, पिढ्यान्‌पिढ्या दिसून येत नाही. तो केवळ मोठ्या नोंदवहीत दिसतो. तथापि आजीच्या बाजूने एक विलक्षण दाखला इंग्लंडातच सापडतो. ब्रॅडफर्ड शहरातील, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाकिस्तानी वंशाच्या आणि गोऱ्या कुटुंबांतील बालसंगोपनाची तुलना झाली. दक्षिण आशियाई अर्भकांत सिड्सचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी, हे आधीच ठाऊक होते. आता असे दिसले की, ही मुले मोठ्यांच्या पलंगावर, जाड पांघरुणाखाली, उशीसह, दुपट्यात गुंडाळून निजविली जाण्याचे प्रमाण उलट अधिक होते. मग ती सुरक्षित कशी? त्यांच्या घरांत मातांचे धूम्रपान आणि मद्यपान जवळजवळ नव्हते, स्तनपान अधिक होते, आणि मूल खोलीत एकटे क्वचितच ठेवले जात होते. यावरून उशी निर्धोक ठरत नाही. इतर मोठे धोके नसले म्हणजे एका धोक्याचे फळ झाकले जाते, एवढेच ठरते. ज्या घरात आजोबांची विडी किंवा वडिलांची सिगारेट आहे, किंवा जेथे बाळ महिना आधी, कमी वजनाचे जन्मले आहे, तेथे हे झाकण निघाले असे समजावे. आईशेजारी झोपण्याविषयी तर पंडितांतच एकमत नाही: २०१३ मध्ये कार्पेंटर या संशोधकांनी तीन महिन्यांच्या आतील बाळास ते व्यसनमुक्त घरातही घातक ठरविले, तर २०१४ मध्ये ब्लेअर यांनी सोफा, मद्य आणि धूम्रपान वगळल्यास तसा धोका दिसत नाही असा निष्कर्ष काढला. ज्या घरात बाळासाठी निराळी खाट टाकण्यास जागा नाही, तेथे आईच्या अंथरुणालगत, त्याच खोलीत, बाळाची कडक छोटी गादी वेगळी घालावी, ही मधली वाट मला व्यवहार्य वाटते. पदराचा वास तेथवर पोहोचतोच.

हे सारे योग्य प्रमाणात पाहावयाचे तर आणखी एक आकडा ध्यानी घेतला पाहिजे. २०२० च्या नमुना नोंदणीत मध्य प्रदेशात हजार जन्मांमागे ४३ अर्भके वर्ष पुरे होण्याआधी दगावली, महाराष्ट्रात १६, आणि देशाची सरासरी २८. अकाली जन्म, जन्मवेळचा श्वासावरोध, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया ही तेथील मुख्य कारणे. त्यांच्यापुढे लाखामागे मोजला जाणारा हा धोका किरकोळ भासेल. परंतु त्या मोठ्या कारणांवर उपाय करण्यास इस्पितळ, परिचारिका, औषध आणि पैसा लागतो. या धोक्यावरचा उपाय म्हणजे गादीवरून एक उशी उचलणे, आणि त्याला खर्च नाही. बाळंतिणीच्या घरी आशा कार्यकर्तीच्या पहिल्या दीड महिन्यात ज्या ठराविक फेऱ्या होतात, आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात ज्या होणे अपेक्षित आहे, त्यांत बाळाचे वजन आणि स्तनपान यांबरोबर त्याच्या अंथरुणावरही एक नजर टाकली गेली तर उत्तम. तिसऱ्या महिन्याची फेरी तर नेमकी धोक्याच्या ऐन काळात येते.

वर्ष पुरे झाले की हा निषेध उठतो, कारण तोवर मूल मान, हात आणि सर्व शरीर आपल्या इच्छेने हलवू लागलेले असते. तेव्हा ससा द्यावा. मात्र तो तळहाताएवढा, चपटा, कमी भरलेला असावा, डोळे शिवणीचे असावेत, बटणांचे नव्हेत, आणि गळ्यात फीत किंवा अंगावर मणी नसावेत. एकाच नमुन्याचे दोन आणून आलटून-पालटून धूत राहिले, तर विनिकटने वर्णिलेला वासाचा तंटाही बराचसा टळतो.

राहिला सोनागिरीत उतरलेला नऊ महिन्यांचा पाहुणा, ज्याचे सशाशी नाते आधीच जुळलेले आहे, घर नवे आहे, हवा नवी आहे, आणि ज्याच्याकडून ससा एकाएकी हिरावून घेणे म्हणजे सर्वांचीच रात्र नासविणे होय. त्याने ससा जागेपणी खुशाल कवटाळावा, आजीच्या मांडीवर तो घेऊन पेंगावे. डोळे पुरते मिटून श्वास संथ झाला, की ससा काढून खुर्चीवर ठेवावा, बाळाला त्याच्या रिकाम्या, कडक गादीवर पाठीवर निजवावे, आणि रात्री त्याने जाग येऊन चाचपडले तर सशाऐवजी आजीचा हात द्यावा. हाताला धरून झोपण्याची सवय चार-आठ दिवसांत लागते, असा या घरांतील आज्यांचा अनुभव आहे. ती पुढे परतीच्या विमानात कशी मोडावी, याची विवंचना अर्थात सूनबाईंना करावी लागते.